मधली लारिसा

लारिसा तिच्या आईशी फोनवर बोलायची ती कॉरिडॉरमध्ये येऊन, घराचं दार मागे ओढून घेऊन. सिंगापूरला, बुकित बातोक भागात, आमचे फ्लॅट एकाच मजल्यावर, त्यामुळे तिचं खणखणीत रशियन माझ्या स्वयंपाकघरात ऐकू यायचं. पहिले काही दिवस मला वाटलं, बाईचं कुणाशी तरी कडाक्याचं भांडण चाललंय. ओळख झाल्यावर विचारलं, तर म्हणाली, सुपात मीठ जास्त पडलं ते आईला सांगत होते. आणि दार? ते मुलीच्या कानावर रशियन पडू नये म्हणून.

लारिसा कझाकस्तानातली, पण माहेरची भाषा रशियन. नवरा केल्विन इथलाच, चिनी. मुलगी कात्या तीन वर्षांची झाली तरी बोलेना, तेव्हा कुणा शहाण्यानं सांगितलं की घरात भाषांची फार गर्दी झालीय. शाळेत इंग्रजी आणि चिनी लागणारच होत्या, म्हणजे काढायची ती रशियनच. लारिसानं ती एका दिवसात काढली. "दोन भाषा पोटासाठी, तिसरी हौस," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी माझ्या मुलाशी, रोहनशी, हट्टानं मराठी बोलायचे, त्याची ती थट्टा करायची. तो उत्तरं इंग्रजीतच द्यायचा, त्यामुळे तिच्या हाती आयतंच कोलीत मिळायचं.

रविवारी व्हिडिओ कॉलवर तिची आई, नीना आजी, दिसायच्या. आजी-नातीच्या मध्ये लारिसा दुभाषी म्हणून बसायची. एकदा मी तिथेच होते. आजी चांगली दोन मिनिटं बोलल्या. लारिसानं कात्याला सांगितलं, आजी म्हणते तू छान दिसतेस. नऊ वर्षांची कात्या इथल्या इंग्रजीत म्हणाली, "कॅन गो ऑलरेडी ऑर नॉट?" म्हणजे, आता जाऊ की नको? त्यावर लारिसानं आईला काहीतरी लांबलचक सांगितलं आणि आजींचे डोळे भरून आले. मी नंतर विचारलं, तर तिनं लपवलं नाही. "सगळं कशाला सांगायचं? दोघींना गोड लागेल तेवढं देते." मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे कबूल करते.

आजी एकट्या होत्या, थकल्या होत्या. लारिसाला त्यांना इथे आणायचं होतं, पण त्या घर सोडायला तयार नव्हत्या. शेवटी एका रविवारी त्यांनी नातीलाच विचारलं, मी तिथे राहायला आलेली तुला हवी आहे का? लारिसानं कात्याला विचारलं ते इतकंच, की आजी आवडते ना? कात्या "ओके लाह" म्हणाली, म्हणजे ठीक आहे. लारिसानं आईला सांगितलं, ती म्हणते लगेच ये, मला तुझ्याशिवाय करमत नाही.

त्या एका वाक्यावर आजींनी घर मोडलं. मांजर शेजारणीला दिलं आणि नातीसाठी विणलेले लोकरीचे मोजे घेऊन त्या सिंगापूरच्या उकाड्यात उतरल्या. कात्या शाळेतून आली की "हॅलो" म्हणून खोलीत जायची. आजी दाराबाहेर खुर्ची टाकून बसायच्या. त्या मला बघून हसायच्या, मीही हसायचे, आमची मजल तेवढीच.

पोर मनानं वाईट नव्हती. दुसऱ्या महिन्यात एका दुपारी, लारिसा पाया लेबारला ऑफिसात असताना, कात्यानं आपणहून फोनवर भाषांतराचं ॲप उघडून आजींपुढे धरलं. दोघी पहिल्यांदाच मधल्या माणसाशिवाय बोलल्या. आजींनी विचारलं, एवढं बोलावलंस, मग माझ्यापाशी बसत का नाहीस? कात्यानं लिहिलं, मी कधी बोलावलं?

आजींनी आदळआपट केली नाही. बहिणीकडे जाऊन राहते, एवढंच म्हणाल्या आणि आवराआवरीला लागल्या. लारिसा माझ्या ओट्याशी उभी राहून रडली. "मी खोटं नाही बोलले," ती म्हणाली. "दोघींनी एकमेकींना जे म्हणायला हवं होतं, तेच म्हणत होते." राग यावा असं तिनं काही केलं नव्हतं, आणि तरी मला तिचा राग आला होता.

आजी निघायच्या दिवशी मी निरोप द्यायला गेले, तर त्यांनी मलाही बसवलं. प्रवासाला निघण्यापूर्वी घरातल्या सगळ्यांनी मिनिटभर गप्प बसायचं, ही त्यांची रीत. केल्विन स्टुलावर, आजी बॅगेवर, कात्या जमिनीवर. मिनिट सरलं तशा आजी कात्याकडे वळून काहीतरी बोलल्या. कात्यानं आईकडे पाहिलं. मला वाटलं, आता ही पुन्हा काहीतरी गोड सांगणार.

"आजी म्हणते," लारिसा म्हणाली, "मला तुझा राग आलेला नाही. तू मला बोलावलंच नव्हतंस."

कात्या म्हणाली, "तिला सांग, मला कुणी विचारलंच नव्हतं."

लारिसानं तेही सांगितलं, एक शब्दही न गाळता. आजींनी मान हलवली आणि त्या उठल्या.

पुढच्या हिवाळ्यात आजी तिकडेच वारल्या. लारिसा एकटीच जाऊन आली. नंतर ते लोक तोआ पायोहला राहायला गेले आणि आमच्या भेटी कमी होत गेल्या.

साताऱ्याहून माझ्या आईचा फोन येतो. "रोहन काय म्हणतो गं?" रोहन कानाला हेडफोन लावून बसलेला असतो, तो काहीच म्हणत नसतो. तुझी फार आठवण काढतो, असं मी सांगून टाकते. सांगताना लारिसा डोळ्यांपुढे असते, तरी सांगते. मागच्या रविवारी ते ऐकून आई म्हणाली, "मग मी येऊ का गं तिकडे, राहायला?"