पात्यावरचं कापड

चित्रकलेची पदविका घेऊन मी दोन वर्षं घरीच होते. साड्यांच्या किनारीची नक्षी कागदावर उतरवून देण्याचं थोडंफार काम यायचं, पुढे तेही बंद झालं. अशात कळलं की विद्यापीठात उत्खननातल्या जुन्या वस्तूंची चित्रं काढायला माणूस हवा आहे. मी गेले. तिथल्या सरांनी माझ्यासमोर फुटक्या मडक्याचा एक काठ ठेवला आणि म्हणाले, "सुंदर नको. आहे तसं काढा." मी काढलं, आणि सोमवारपासून कामाला लागले.

ही सत्तरच्या दशकाच्या मध्यावरची गोष्ट. काटोल रोडच्या बाजूच्या माळावर मोठाल्या धोंड्यांची वर्तुळं आहेत. त्यांच्या आत हजारो वर्षांपूर्वी माणसं पुरलेली. सोबत मडकी, लोखंडाची हत्यारं, कुठे घोड्याची हाडं. ही माणसं कोण होती, हा प्रश्न इंग्रजांच्या काळापासून पडून होता. गुरं घेऊन फिरणारी असावीत, असं जुन्या पुस्तकांत लिहिलेलं. सरांना ते पटत नसे. पिढ्यान्‌पिढ्या एकाच माळावर माणूस पुरणारे लोक जवळच कुठेतरी घर करून राहत असणार, असं त्यांचं म्हणणं. पण पुरावा हवा होता. म्हणून ते सगळ्यांना बोलावत. घोड्याचे दात पाहायला जनावरांचे डॉक्टर आले, धोंडे कुठले ते सांगायला भूगर्भशास्त्राचे प्राध्यापक आले. दुपारी बाभळीखाली डबे उघडले की वाद सुरू होई. भूगर्भवाले म्हणत, लोक दरवर्षी फिरून त्याच माळावर परत येत नसतील कशावरून? सर हसत आणि पोळी मोडत.

त्या हंगामात लोखंडाचं एक पातं निघालं, वीतभर लांब, गंजून फुगलेलं. ते माझ्याकडे चित्रासाठी आलं. भिंगातून पाहताना एका बाजूच्या गंजावर मला बारीक आडव्या-उभ्या रेघा दिसल्या. मी हातातली पेन्सिल खाली ठेवली. अशा रेघा मी लहानपणापासून पाहत आले होते. पातं कापडात गुंडाळून पुरलेलं असणार. कापड कुजून गेलं, पण त्याची वीण गंजाने धरून ठेवली होती.

सरांना दाखवलं तेव्हा ते बराच वेळ भिंगावरून उठलेच नाहीत. मग त्यांनी विचारलं, "घरी कोणी विणतं का?"

माझे बाबा विणतात, मी म्हटलं. म्हणजे, विणत असत. मागाचं काम सुटल्यावर ते हिंगण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागले होते. विणताना पाय सोडून बसायचा मागाचा खड्डा आम्ही मुरूम घालून बुजवला होता आणि त्यावर आता बहिणीची शिलाई मशीन होती. गुरुवारी बाबांना सुट्टी असे. त्या गुरुवारी ते इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासोबत आले. एवढ्या शिकलेल्या लोकांत आपलं काय काम, असं रस्ताभर म्हणत होते. भिंग डोळ्याला लावलं मात्र, आणि ते पात्यावर वाकले. नखाने हवेत धागे मोजू लागले.

"कापसाचं सूत आहे जी," ते म्हणाले. "विणणाऱ्याचा हात बसलेला आहे."

सरांनी विचारलं, असं कापड विणायला घर लागतं का? बाबा म्हणाले, लागते ना. खड्डा पाहिजे, छत पाहिजे, ताणा, म्हणजे ताणून बांधलेले उभे धागे, ऊन-पावसापासून वाचवला पाहिजे. माग खांद्यावर घेऊन कोणी फिरत नाही. सरांनी माझ्यासमोरच ते वहीत लिहून घेतलं. त्यांचा चेहरा उजळला होता. परतताना बाबा बसमध्ये ताठ बसले होते, हे मला अजून आठवतं.

पंधरा दिवसांनी वनस्पतीशास्त्राच्या बाईंनी त्या गंजाचा कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्या म्हणाल्या, कापसाच्या तंतूला अंगचा पीळ असतो, तो इथे नाही. इथे सांधे-सांधे दिसतात. हा सालीचा वाख असावा, अंबाडी किंवा तसलंच काही.

मी घरी येऊन सांगितलं. बाबा मान खाली घालून जेवले आणि उठले. त्यांना वाईट वाटलं हे मला कळत होतं आणि आपण उगाच सांगितलं असंही वाटत होतं. आई म्हणाली, तुले काहून नेऊ वाटलं त्याहिले तिथं?

दुसऱ्या गुरुवारी ते सकाळीच बाजारात गेले आणि अंबाडीच्या वाखाची एक जुडी घेऊन आले. वाख भिजवला, बारीक सोलला, मांडीवर वळला. खड्डा तर बुजलेला. मग त्यांनी दाराच्या चौकटीपासून खाटेच्या पायापर्यंत ताणा बांधला आणि अंगणात बसून हाताने विणू लागले. धागा कोरडा झाला की तुटे. आईने भाताची पेज आणून दिली, ती लावल्यावर जरा जमलं. तीन गुरुवार गेले. शेवटी चार बोटं रुंद आणि हातभर लांब अशी पट्टी निघाली. मध्येच ते एकदा थांबले होते आणि चौकटीकडे पाहत राहिले होते. तेव्हा त्यांच्या मनात काय चाललं आहे ते मला कळलं नाही.

या वेळी त्यांनी स्वतःहून सरांकडे जायचं म्हटलं. पट्टी टेबलावर ठेवली आणि उभ्यानेच बोलले.

"साहेब, मी चुकीचं सांगतलं. मले जो माग माहीत होता, त्याचंच मी सांगतलं. हे पाहा, चौकटीले ताणा बांधून विणलं. झाडाले बांधला असता तरी झालं असतं. घर लागतेच असं नाही."

सरांनी पट्टी पात्याशेजारी ठेवली आणि भिंग लावलं. वीण सारखीच दिसत होती. पण सारखी दिसते म्हणून तीच असं नाही, हे त्यांनीच आम्हाला सांगितलं. मग त्यांनी बाबांना खुर्चीवर बसवलं, वही काढली आणि घराबद्दलचं वाक्य शांतपणे खोडलं.

"घर लागतं, हेच मला ऐकायचं होतं," ते म्हणाले. "म्हणून मी दुसरं काही विचारलंच नाही."

बाबा म्हणाले, "पण ते लोक फिरतच होते, असंबी मी म्हणून नाही राहिलो."

"नाही. तेही म्हणता येत नाही."

नंतर दोघं चहा पीत अंबाडीबद्दल बोलत बसले. वाख किती दिवस भिजवावा, कोणत्या महिन्यात काढावा. भूगर्भवाले सर मधेच आले, त्यांनाही पट्टी दाखवून झाली. खोडलेल्या वाक्याने ते खूश होतील असं मला वाटलं होतं, पण त्यांनी फक्त पट्टी ओढून पाहिली आणि चांगली मजबूत आहे म्हणाले.

अहवाल छापून यायला काही वर्षं गेली. मी काढलेलं पात्याचं चित्र त्यात होतं आणि खाली एक परिच्छेद. मी घरी नेऊन बाबांना तो इंग्रजीतून मराठीत सांगितला: विणकामाची खूण आहे, तंतू बहुधा सालीचा, स्थानिक विणकराने तशी पट्टी मागाशिवाय विणून दाखवली, त्यावरून वस्तीबद्दल काही ठरवता येत नाही.

बाबांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, मी पहिले सूत म्हटलं होतं, ते लिहिलं का त्यात?

मी म्हटलं, नाही.

"लिहायला पाहिजे होतं," ते म्हणाले, आणि पुस्तक माझ्या हातून घेऊन चित्रातले धागे मोजायला लागले.