दारावरचा कडुलिंब

मी एकोणीस वर्षांची, मांडीवर सहा महिन्यांचा मुलगा, आणि चाळीत सगळ्यांत शहाणी मीच, असा माझा पक्का समज. सोलापुरात त्या वर्षी देवीची लस टोचणारे घरोघर फिरत होते. पलीकडच्या बोळातल्या एका बाळाचा दंड टोचल्यावर सुजला, ताप चार दिवस हटेना. नळावर बायका म्हणायच्या, सुईतून देवीच आत सोडतात. विड्या वळायच्या सोडून मी पोराला छातीशी धरून बसायची.

सासूबाई शेताच्या कामाला कुंभारीला गेलेल्या, नवरा मिलमध्ये. विचारायला कोणी नाही, म्हणून डोकं चालवलं. ज्या घरात देवी येतात त्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधतात, मग परका माणूस उंबरा ओलांडत नाही. मीही बांधला. चांगला मोठा, लांबून दिसेल असा.

दुपारी दारात जीपच उभी. एकटा माणूस यायचा तिथं चौघं उतरले. देवीचे रोगी हुडकायला ते अख्ख्या शहरात नेमकी असलीच दारं शोधत होते, हे माझ्यासारख्या हुशार बाईला कुठून कळणार?

पोराला मी विडीच्या पानांच्या टोपलीमागं सरकवलं. नर्सबाई उंबऱ्यातून म्हणाल्या, "कुणाला आल्यात देवी?"

पोराला म्हणावं तर उचलून दवाखान्यात नेतील. "मला," मी म्हणाले.

त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडं वळवलं. "तुझ्या अंगावर तर घामोळंसुद्धा न्हाय की."

तेव्हा मात्र मला भीती वाटली. सुईची नव्हे. देवीच्या नावानं खोटं बोलले होते, वर दारात तिला बोलावणं टांगलं होतं. आता ती खरंच आली तर कुणावर येईल? तेवढ्यात टोपलीमागं पोर रडलं. मीच त्याला बाहेर काढलं, दंड उघडा करून पुढं धरला. "टोचा लवकर." पोर रडलं त्याहून जास्त मी रडले.

माझ्यामुळं त्या दिवशी अख्खी चाळ टोचून निघाली. शेजारीण दंड चोळत एवढंच म्हणाली, "लई शानी गं तू."

टोचल्या जागेची खपली पडेपर्यंत मी घटकाघटकाला पोराचं अंग तपासत होते. पाठ, तळवे, कानामागं. डहाळा काढायचं धाडस मात्र होईना. काढला आणि देवी रागावली तर? नवरा रोज त्याखालून वाकून कामाला जायचा. पानं गळून नुसती काडी उरली, तरी तिला हात जोडल्याशिवाय मी पाण्याला गेले नाही.