चोरगादी

शिंपीमास्तरांनी आयुष्यभर एकच भाकीत केलं आणि ते कधी खरं ठरलं नाही: "कपडे उद्या मिळतील." गिऱ्हाइकं चरफडत जायची आणि परत त्यांच्याकडेच यायची, कारण मास्तरांनी शिवलेल्या कोटात ढेरपोट्याची ढेरी दिसत नसे. स्वतःच्या पोटापुढे मात्र त्यांची कला थकली. बेंबीपाशी लिंबाएवढा असलेला हर्निया वाढत वाढत मोसंबीएवढा झाला. मशीनवर वाकलं की कळ थेट डोक्यात. ऑपरेशन झालं नाही तर दुकानाला कुलूप, इतकं सरळ होतं.

हॉस्पिटलात गाठ पडली तरुण डॉक्टरीणबाईंशी. ऑपरेशननंतर कोण झटपट सावरेल आणि कोण अंथरूण धरेल, हे आधी ओळखता येतं का, असा त्यांचा अभ्यास चालला होता. त्या वय विचारत, रक्त तपासत, आणि मग एका लाकडी खुर्चीत बसवत. सगळे आकडे संगणकात घातले की तो धोका सांगे.

"हात छातीवर घ्या, काका. आता कशाला न धरता उठा. पाच वेळा."

मास्तर एकदाही उठले नाहीत.

"खुर्ची बुटकी आहे तुमची."

"सगळ्यांना हीच आहे. पायांत ताकद नाहीये, काका. अशा माणसाला ऑपरेशननंतर छातीत कफ धरतो, जखम चिघळते. एवढ्यात मोठे सर्जन हात लावायचे नाहीत. दीड महिना घरी उठबस करा, मग परत बघू."

घरी मास्तरीणबाईंनी तोंड सोडलं. "जन्मभर मशीनला चिकटलेले. पाण्याचा पेलासुद्धा मी हातात द्यायचा. पाय काय शोभेचे आहेत?"

"उठाबशा शाळेत भरपूर काढून झाल्यात," मास्तर म्हणाले. "मी शिंपी आहे. खुर्ची बुटकी असेल तर माणूस उंच करता येतो."

चोरखिसा असतो तशी त्यांनी पँटच्या बुडाला चोरगादी शिवली. स्पंजाचे थरावर थर. बसले, टुणकन उठले. खूश.

"मागून बघितलं तर दोन माणसं चालल्यासारखी वाटतायत," बायको म्हणाली.

मग एक थर उसवला. बसले, उठले, आरशात पाठ बघितली. अजून फुगीर. आणखी एक उसवला. परत बसले, परत उठले. दुकानात दिवसभर हीच तालीम. गिऱ्हाइकांना "उद्या", आणि मास्तर खुर्चीतून वर-खाली. अखेर गादी हातरुमालाच्या घडीएवढी उरली.

"आता कुणाच्या बापाला कळायचं नाही," मास्तर म्हणाले.

तपासणीच्या दिवशी बायकोही बरोबर आली. डॉक्टरीणबाईंनी हिरवा झगा पुढे केला. "आज आधी पोट तपासायचंय. कपडे काढून हा घाला."

"पँट राहू दे ना."

"पँटही काढा."

खुंटीवर लटकलेल्या पँटकडे मास्तर, जहाज सुटल्यावर धक्क्यावर राहिलेल्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. पोट तपासून झालं. खुर्चीत बसले तर लाकूड गार लागलं. डोळ्यांपुढे दुकानाचं कुलूप आलं. दात आवळून जोर केला, आणि उभे. कुणी ढकललं की काय, म्हणून त्यांनी मागे वळून पाहिलं.

"मी नाही हो," बायको म्हणाली.

पाचही वेळा उठले. डॉक्टरीणबाईंनी आकडे संगणकात भरले.

"धोका बराच उतरलाय, काका. काय केलंत?"

"छे, कुठे काय."

मास्तरीणबाईंनी शांतपणे खुंटीवरची पँट आणली आणि तिचं बूड डॉक्टरीणबाईंच्या हातात दिलं. "हे केलंय. आधी उशीएवढी होती. रोज थोडी उसवायचे आणि उठून बघायचे."

डॉक्टरीणबाईंनी गादी दाबून पाहिली आणि हसू दाबलं.

"म्हणजे मला फसवायला निघालात आणि व्यायाम करून बसलात."

मास्तरांचा चेहरा खिसा कापल्यासारखा झाला. एवढी कारागिरी, आणि कामाला आले ते पाय.

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मला तशाच गाद्या हव्यात. जाड, मध्यम, पातळ. बाकीच्या पेशंटना उठबस शिकवायला. कधी देता?"

"उद्या."

बायकोने कपाळाला हात लावला. अंदाजासाठी डॉक्टरीणबाईंनी संगणकाकडे बघितलंसुद्धा नाही. पुढचा महिना धरून चालल्या.