सुमनताईनं काय शिकवलं होतं

सुमनताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी भंडाऱ्यात दुकान उघडत होतो. भाऊजी एवढंच म्हणाले, "सकाळी उठलीच नाही..." ताईच्या गावी, सिहोऱ्याला पोचलो, तर माझ्या बहिणीच्या तिरडीला पहिला खांदा द्यायला शेजारचा बाबुराव पुढे. घाटावर 'मोठ्या मनाची बाई' असंही बोलला. महिना उलटला, पण ते अजून घशाखाली उतरत नाही.

बाबुराव दुर्गाचा काका. आईबाप गेले म्हणून पोर त्याच्याकडे आली. एकदा बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, धुणं धुताना ताईला दिसलं, की पोर हात पाण्याबाहेर काढतच नाही. कोपरापर्यंत तापल्या उलथन्याचे चटके, पोटात अन्नाचा कण नाही. ताईनं तिला जेवू घातलं आणि सरळ पोलीस ठाण्यात नेलं. घरातली गोष्ट चव्हाट्यावर कशाला, असं गाव म्हणालं. भाऊजीही म्हणाले. ताईनं विचारलं, "तिचा हात पायला का तुमी?" पुन्हा घरात तो विषय निघाला नाही.

दुर्गा बालगृहात गेली. साक्षीची पाळी येईपर्यंत चटक्यांचे नुसते डाग उरले होते. त्या दिवशी मी कोर्टात मागच्या बाकावर होतो. बाबुरावाच्या वकिलानं गोड आवाजात विचारलं, "इथं काय सांगायचं, ते कुणी शिकवलं, बाळा?"

"सुमनमावशीनं."

वकील समाधानानं खाली बसला. काय शिकवलं, हे तिला कुणीच विचारलं नाही. सरकारी वकील कागद चाळत राहिले. बाहेर आल्यावर ताईनं विचारलं, तेव्हा दुर्गा म्हणाली, "खरं सांगजो, भेवू नको, असं तूच तं म्हटलं होतं..."

पोरीला पढवून आणलं, असं ठरलं. बाबुराव सुटला आणि सख्खा काका म्हणून दुर्गा पुन्हा त्याच्याच घरी आली. ताईनं अर्ज केले, भंडाऱ्याच्या चकरा मारल्या. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, तुम्ही तिच्या कोण? अंगणातून साऱ्या आळीशी बोलणारी माझी बहीण हळूहळू मुकी झाली. एकदाच म्हणाली, "मंग का मी तिले खोटं बोलाले शिकवाले पायजे होतं?"

परवा भाऊजींकडे मुक्कामाला होतो. जेवणं झाल्यावर मागच्या दाराची कडी लावायला उठलो.

"राहू दे," भाऊजी म्हणाले. "सुमन कधी लावत नव्हती. पोरगी आलीच तं..."

समोर बाबुरावाची भिंत होती. भाऊजींनी उरलेला भात ताटाखाली झाकला आणि दारापाशी ठेवला.