डेनिसच्या तेलात शैलजाचा रवा

शैलजा, तुझं कार्ड अजून माझ्याच फ्रिजवर आहे. चिडू नकोस, आधी ऐक. मराठी मंडळाच्या अंकात आपल्या या अमेरिकेतल्या डब्लिनमधल्या एखाद्या बाईवर लिहायचं ठरलं, मी तुला निवडलं. तुला विचारलेलं नाही. विचारलं असतं तर नाहीच म्हणाली असतीस.

तू वेंगुर्ल्याची, केमिस्ट्रीची बी.एस्सी. नवऱ्याच्या, राजारामच्या, नोकरीपायी चार राज्यांत राहिलीस आणि प्रत्येक ठिकाणी फिश अँड चिप्स खाऊन पाहिलेस. बॉस्टनजवळ फुगीर आवरणातला हॅडक मासा. विस्कॉन्सिनला बिअर घातलेल्या पिठातला मासा, सोबत राय ब्रेड. जॉर्जियात मक्याचं जाडं पीठ लावलेला कॅटफिश. तो खाल्लास आणि म्हणालीस, "हा तर आपलाच. रव्याऐवजी मका, एवढंच."

राजाराम गेल्यावर तू कोपऱ्यावरच्या चर्चमध्ये जायला लागलीस. देवासाठी नव्हे. ईस्टरआधी त्यांचा उपासाचा काळ असतो, तेव्हा शुक्रवारी त्यांना मटण-चिकन वर्ज्य, मासे चालतात; म्हणून दर शुक्रवारी तिथे मासे तळून वाढतात. मुख्य तळणारा डेनिस, निवृत्त फायरमन. चार वर्षं तू त्याच्यासाठी मुकाट्याने कोबी चिरलास. पाचव्या वर्षी म्हणालीस, रवा लावून माझा मासा ठेवायचा.

"शेली, इथे लोकांना बिअर बॅटरच लागतं." डेनिस तुझ्या नावाचं असंच करतो.

"जॉर्जियाचा मका अमेरिकन, आणि माझा रवा तेवढा परदेशी? चाळीस वर्षं या देशात मत देतेय मी."

एक ट्रे मिळाला. समोर पाटी होती 'इंडियन फिश'. तू मार्करने 'इंडियन' खोडलंस.

त्या दिवशी नेमकी संकष्टी. गाडीत मी विचारलं, "आज मासे तळणार?"

"तळणार. खाणार नाही."

इथेच घोळ झाला. तुझं मीठ कायम पहिला तुकडा चाखून ठरतं. त्या दिवशी चाखणार कोण? तुझा उपास, मी जन्माची शाकाहारी, आणि डेनिसला 'चाखून बघ' म्हणायला तुझी जीभ रेटेना. मासा पार अळणी. अर्ध्याहून जास्त ट्रे परत आला.

"उपास होता म्हणून सांग," मी म्हटलं. "त्यांचाही उपासाचाच काळ आहे, समजून घेतील."

"त्यांचाही उपास आहे ना? तरी त्यांच्या माशाला मीठ आहे. चूक माझी. पुढच्या शुक्रवारी दोन ट्रे."

दोन ट्रे तू मागितले नाहीस, सरळ आणलेस. साडेसहाला दोन्ही रिकामे. डेनिसने स्वतः दोनदा घेतला आणि दुसऱ्यांदा माशासोबतच्या आंबट टार्टर सॉसला हातही लावला नाही.

मग गुडघे गेले आणि तुझा मुलगा नकुल तुला दूर वाळवंटातल्या चँडलरला आपल्या घरी घेऊन गेला. निघताना गाडीच्या खिडकीतून तू कार्ड दिलंस. "डेनिसला दे. मी नसले तरी माझा ट्रे बंद पडता कामा नये." रवा, तांदळाचं पीठ, तिखट, हळद, कोकमाचं आगळ, सगळं चमच्यांत मोजून लिहिलेलं. मिठापुढे जागा कोरी. "मोजते आणि फोनवर सांगते."

तीन वर्षं झाली. दर रविवारी तासभर बोलतेस, तिथल्या फ्रोझन माशांना शिव्या देतेस. मीठ विचारलं की म्हणतेस, "मीठ काय मोजून घालतात, बाई?"

डेनिसने तुझी खोडलेली पाटी जपलीय. उपासाच्या दिवसांत दर शुक्रवारी ती टेबलावर ठेवतो, मागे तुझ्या ट्रेची जागा रिकामी सोडतो आणि मला म्हणतो, "कार्ड?" बिनमिठाचं कार्ड मी त्याला देणार नाही. आणि तू अजून मोजलेलं नाहीस.