परिसरात हळहळ

हिंगोलीच्या पत्रकार मेळाव्यात जेवणाच्या रांगेत ते माझ्यापुढे होते. हट्टा गावाकडचे जुने बातमीदार. नाव-गाव टाकलं की आता मोबाइलच बातमी लिहून देतो, असं नुकतंच मंचावरून कुणीतरी सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

ते रिकाम्या ताटाची कड अंगठ्यानं सारखी पुसत होते.

"निधनाची बातमी असली की आमी आधी त्या घरी जाऊन बसायचो," ते म्हणाले. "मंगच 'परिसरात हळहळ' लिहायचो."

"आणि आता?"

"मागच्या महिन्यात आमची घरवाली वारली. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, हळहळीसकट. मोबाइलनं बराबर लिहिली व्हती. दारात एकबी बातमीदार आला न्हाई."

रांग पुढं सरकली. 'वाईट वाटलं' एवढं म्हणायचीसुद्धा मला लाज वाटली.