आत्याला मूळ

जनसंपर्क म्हणजे काय, हे घरच्यांना समजावता समजावता माझी जीभ झिजली होती. मी पुण्यात कंपन्यांचं नाव राखते, त्यांच्या वतीनं लोकांशी बोलते. गावी, चिखलीच्या घरी मात्र कोणी मला पेपरवाली समजायचं, तर कोणी फोन उचलणारी. धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या तयारीत मी पुन्हा एकदा सगळं सांगितलं, तेव्हा बाबांचा चेहरा उजळला.

"म्हणजे रुसलेल्याले मनवाचं काम. मंग जाय मलकापूरले, तुह्या आत्याले घेऊन ये."

बाबांची ही थोरली बहीण लग्नाला येणार नव्हती. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ती दवाखान्यात होती, तेव्हा बाबा भेटायला गेले नाहीत. वर लग्नाची पत्रिका मोबाइलवर धाडली. आमच्याकडे सासरी गेलेल्या लेकीला कार्याला आणायला घरचं माणूस जातं, त्याला मूळ म्हणतात. बाबांना मान खाली घालायची नव्हती, म्हणून मूळ म्हणून मी. मला मनातून संताप आला होता. रजा काढून आले, तरी काम तेच, आणि हा मालक बदलताही येत नाही.

बसमध्ये मी वाक्यं जुळवली. आत्यानं चहा दिला, खुर्चीत जपून बसली, आणि मी सुरू झाले. बाबांना तिच्याबद्दल किती आदर आहे, त्या काळात कामाचा किती ताण होता, वगैरे. खरं तर त्या दिवसांत बाबा ओट्यावर बसून पत्ते खेळत होते. आत्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"हे तुह्या बापाचं झालं," ती म्हणाली. "तुले काय वाटते? त्यानं यायले पाहिजे होतं का नाई?"

पाहिजे होतं. शब्द ओठांवर आला होता. पण तो घरी पोचला असता तर लग्नघरात भांडण पेटलं असतं, आणि नाही म्हणायला जीभ वळेना. मी चहाचं कौतुक केलं. ती उठली, लंगडत आत गेली आणि पिशवी भरून आली. मूळ आलेल्या पोरीला परत धाडत नाही, एवढंच म्हणाली.

मांडवात बाबा ज्याला त्याला माझं काम समजावून सांगत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना ते कळलं होतं. मामांनी तर त्यांच्या रुसलेल्या व्याह्यांसाठी मला दिवाळीत बोलावूनही टाकलं. मी हसून मान डोलावली.

जेवणाच्या पंगतीत आत्या शेजारी बसली. समोर बाबा बुंदी वाढत होते.

"तुले काय वाटते, ते राह्यलंच," ती हळूच म्हणाली.

"नंतर सांगते, आत्या," मी म्हणाले.

पत्रकारांनाही मी हेच सांगते. त्यांना नंतर कधीच काही सांगायचं नसतं.